मामा गिटार बघायला येतात

आमच्या घराण्यात कुठलीही मोठी वस्तू घ्यायची तर आधी तिला मामांचा हात लागावा लागतो. हा कायदा कोणी केला माहीत नाही, पण माझ्या जन्माच्या आधीपासून तो लागू आहे. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. चांदवडजवळ त्यांची कांद्याची शेती. त्यांची पद्धत ठरलेली. वस्तूभोवती एक फेरी मारायची, दोन टिचक्या मारायच्या, घेणाऱ्याला ती हाताळायला लावायची, आणि शेवटी वस्तूवर उजवा तळवा ठेवून म्हणायचं, "घ्या." पसंत नसेल तर हात मागे बांधून, "राहू द्या." ह्या निकालावर अपील नाही.

ह्या तळव्याखालून आजवर कित्येक बैलजोड्या, एक ट्रॅक्टर, शिलाई मशीन, देव्हारे, लग्नाचे शालू आणि तीन जावई गेले आहेत. तिसरा जावई म्हणजे माझा नवरा. तो मला बघायला आला तेव्हा मामांनी त्याला अंगणात दोनदा चालायला लावलं, मग पाण्याची भरलेली कळशी आत नेऊन ठेवायला सांगितली, आणि मला म्हणाले, "चहा दे त्यास्नी." मी चहा दिला. मामांनी नवऱ्याच्या पाठीवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "घ्या." नवरा इंजिनियर आहे, सुवर्णपदक वगैरे मिळालेला. ते पदक कोणी बघितलंसुद्धा नाही, ह्याचं दुःख तो बावीस वर्षं उगाळतोय.

मी नाशिक रोडला एका ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते आणि गिटार वाजवते. दोन्हीचा उल्लेख एका वाक्यात केला की लोक फक्त गिटारवर हसतात. आमचा चौघांचा गट आहे. दर शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये आम्ही वाजवतो, आणि खालच्या मजल्यावरचे लोक त्या वेळी बाजारहाट उरकून घेतात. वाजवताना माझं तोंड कसं होतं ह्यावरून आमचा ढोलकीवाला मला चिडवतो. पण ढोलकीवाल्यांचं काय मनावर घ्यायचं.

कॉलेजात असताना घेतलेली माझी गिटार इतकी वाकली होती की तिच्यावर बाण लावला असता तर गेला असता. नवी घ्यायचं ठरलं आणि मी अभ्यासाला बसले. मला हवी होती सेमी-हॉलो इलेक्ट्रिक गिटार. म्हणजे साध्या भाषेत, मधोमध लाकडाचा भरीव ठोकळा, दोन्ही कडा पोकळ, आणि वर दोन नागमोडी भोकं. सबंध भरीव इलेक्ट्रिक गिटार स्पीकरला जोडल्याशिवाय मुकी असते. सबंध पोकळ असेल तर पहाटे वाजवली की शेजारी दार ठोठावतात. ही मात्र न जोडता वाजवली तर आपल्यापुरतं बोलते. मी पहाटे साडेपाचला उठून वाजवते, त्यामुळे मला अशीच हळू बोलणारी हवी होती. घरातल्या इतर कोणाला हळू बोलता येत नाही.

गणिताची बाई असल्यामुळे मी तक्ता केला. चौदा रकाने. वजन, मानेची जाडी, मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं, खुंट्या किती घट्ट, भोकांच्या कडा किती साफ. परदेशी टकल्या माणसांचे व्हिडिओ बघितले. महिनाभरात तक्त्यात एक लाल गिटार सगळ्यांच्या वर आली. लाल म्हणजे कशी, तर पिकल्या करवंदाच्या आधीची जी अवस्था असते तशी, आणि चकचकीत. शहरात कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका दुकानात ती होती. मी दुकानदाराला फोन करून सांगितलं, ती माझ्यासाठी बाजूला ठेवा, रविवारी येते.

जेवताना मी हे जाहीर केलं. आई आमच्याकडेच असते. ती भाकरी मोडता मोडता म्हणाली, "दादाला घेऊन जा."

मी म्हटलं, "आई, ही गिटार आहे. बैल नाही."

"म्हणूनच म्हणते. बैलातलं तुला थोडंतरी कळतं."

खरं सांगायचं तर गोष्ट गिटारची नव्हती, हे मलाही कळत होतं. दोन वर्षांपूर्वी मामांनी मावशीसाठी, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीसाठी, पिठाची घरघंटी पसंत केली होती. तळवा ठेवून, "घ्या" म्हणून. चार महिन्यांनी, ऐन दिवाळीत चकलीची भाजणी दळताना, तिने असा काही आवाज काढला की मावशी ओट्याखाली बसली, आणि सगळं पीठ छतापासून देवापर्यंत पसरलं. बाळकृष्ण आठवडाभर पांढरा होता. सगळे हसले. मामाही हसले. पण त्यानंतर मावशीच्या मुलाने फ्रिज ऑनलाइन मागवला, कोणालाच न विचारता. मामा नाशिकला त्यांच्याकडे गेले तेव्हा फ्रिज सुरूही झालेला होता. मी तिथे होते. मामांनी सवयीने फ्रिजच्या दारावर तळवा ठेवला, मग कोणीच काही विचारलेलं नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी हात हळूच मागे घेऊन धोतराला पुसला. तेव्हापासून ते नाशिकला आले नाहीत. विचारलं की म्हणायचे, गुडघा दुखतोय.

आईला तो हात परत वस्तूंवर आणायचा होता. मला लाल गिटार हवी होती. दोन्ही जमेल असा डाव मी मांडला, आणि तो मला त्या वेळी फार हुशारीचा वाटला. दुकानदाराला परत फोन केला. म्हटलं, माझ्याबरोबर एक म्हातारे गृहस्थ येतील. लाल गिटार मधे ठेवा आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन सुमार गिटारी ठेवा. बाकी मी बघते. मामा "घ्या" म्हणतील, मी गिटार घेईन, सगळ्यांना फोटो पाठवीन, आणि मामांचा कारभार पुन्हा सुरू होईल. गुडघ्याचं दुखणं पण जाईल.

रविवारी मामा पहिल्या एसटीने आले. स्वच्छ धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं. दुकानाच्या दाराशी चप्पल काढायला लागले, तेव्हा मी थांबवलं. दुकानदार तिशीतला होता. काळा शर्ट आणि केसांची शेंडी, मामांच्या भाषेत "बामणासारखी, पर चुकीच्या जागी". त्याने मामांना बसायला ड्रमवाल्याचं गोल स्टूल दिलं. ते फिरतं होतं. मामा बसले आणि पाऊण वळसा घेऊन भिंतीकडे तोंड करून थांबले. तिकडूनच म्हणाले, "दाखवा."

स्टँडवर तीन गिटारी होत्या, तिन्ही सेमी-हॉलो. मधे माझी लाल. डावीकडे निळी, जिची नुसतं बघूनच दया येत होती. उजवीकडे एक मातकट रंगाची. कोणा लहान कारखान्याची, नाव न ऐकलेली. दुकानदार म्हणाला, दोन वर्षं पडून आहे, कोणी विचारत नाही. माझ्या तक्त्यात तिला ओळच नव्हती.

मामांनी फेरी मारली. मग टिचक्या सुरू झाल्या. लालच्या पोटावर एक टिचकी मारली, कडेला दुसरी मारली, आणि ते थबकले. पुन्हा मधे. पुन्हा कडेला. मग दुकानदाराकडे वळून शांतपणे म्हणाले, "मधी ठोकळा भरलाय."

"हो काका, सेमी-हॉलो आहे ना, त्यामुळे..."

"कडंला पोकळ हे आन मधी ठोकळा. आमच्याकडं गोणीत असं भरत्यात. वर चांगला कांदा, मधी गाळ. तुम्ही तर उलटंच केलं. मधी चांगलं आन कडंला कायच नाय."

दुकानदाराने घाम पुसत समजावलं. मधला ठोकळा मुद्दाम असतो, त्याने आवाज आवरतो. कडा पोकळ असल्यामुळे आवाजाला गोलाई येते. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "म्हंजी धड हे नाय आन धड ते नाय. बरं. तुमच्या कॉलेजात चालत असंल."

मग त्यांनी नागमोडी भोकाला नाक लावलं आणि दीर्घ श्वास घेतला. दुकानात कॉलेजची दोन मुलं पियानो बघत होती, ती बघायची थांबली. मामांनी तिन्ही गिटारींचा वास घेतला आणि सांगितलं, "लाकूड वाळलेलं हे तिन्हीचं." मग एका डोळ्याने मानेवरून खालपर्यंत बघितलं, कुदळीचा दांडा सरळ आहे का बघतात तसं. हे बाकी अगदी बरोबर होतं. व्हिडिओतला टकला माणूसही हेच करायचा, फक्त त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती.

"आता वाजीव," मामा म्हणाले.

मी आधी निळी वाजवली. मग लाल, चांगली दहा मिनिटं, सगळ्यात अवघड तुकडे काढून, म्हणजे निकाल सोपा जावा. मग नियमाला धरून मातकट घेतली. वाटलं, हिच्यावर एखादं साधंसं वाजवू आणि सोडून देऊ. साधंसं वाजवलं. मग त्याच्या पुढचं वाजवलं. मग काय वाजवत होते कोण जाणे. मान वर केली तेव्हा पियानोवाली मुलं निघून गेली होती. मामा गिटारकडे बघतच नव्हते. स्टुलावर बसून माझ्या दिशेने कुठेतरी बघत होते. मला वाटलं, कंटाळले. पहाटेची एसटी, वय झालेलं, त्यात संगीत.

मामा उठले. हात मागे बांधले आणि लालसमोर उभे राहिले. "राहू द्या."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "मामा, ही लाल. हीच चांगली आहे."

"लाल राहू द्या. ती मातकट घ्या."

मला राग फार लवकर येतो. अकरावीची मुलं मला राग येण्याआधीच पुढची बाकं सोडतात. मी मामांना, ज्यांना आयुष्यात कधी उलट बोलले नव्हते, भर दुकानात म्हणाले, "मामा, तुम्हाला गिटारमधलं काय कळतं? मी महिनाभर अभ्यास केलाय. चौदा रकाने आहेत माझे. ही मी आधीच बाजूला ठेवायला सांगितली होती. तुम्हाला नुसतं 'घ्या' म्हणायचं होतं."

दुकानदार एकदम एका बासरीची किंमत तपासायला लागला.

मामा रागावले नाहीत. म्हणाले, "म्हाईत हे."

"काय माहीत आहे?"

"लाल पुसलेली हे. बाकी समद्या दुकानात धूळ. आपन यायच्या आधी कुनीतरी तेवढी एकच पुसली. मंडईत पन असंच करत्यात. ज्याचा सौदा ठरल्याला असतो, तेवढ्याच ढिगावर पानी मारत्यात."

मी लाल पुन्हा घेतली, तीच चांगली हे सिद्ध करायला. आता राग असल्यामुळे की काय, जे मघाशी हाताला लागूनही मनाला लागलं नव्हतं, ते सगळं लागायला लागलं. मानेच्या कडेला पट्ट्यांची टोकं बोटाला टोचत होती. आवाजाचं बटण फिरवलं की स्पीकरमधून करकर येत होती. भोकात डोकावलं तर कडेला वाळलेल्या गोंदाचे ओघळ. हे तिन्ही रकाने तक्त्यात होते आणि तिन्हींत मी दुकानाच्या फोटोवरून, न बघता, दहापैकी नऊ दिले होते. माझ्या विद्यार्थ्यांनी असं केलं असतं तर मी त्यांना वर्गाबाहेर काढलं असतं. मग मातकट हातात घेतली. कडेवरून बोट फिरवलं तर लोण्यावरून फिरवल्यासारखं. दुकानदार हळूच म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का, ह्या दुकानात नीट केलेली हीच आहे. पण लोकांना लाल लागते."

मी मातकट विकत घेतली. फक्त मामांनी तिच्यावर तळवा ठेवला नाही. माझ्या बोलण्यानंतर, धुळीचं तेवढं सांगून, ते बाहेर जाऊन उभे राहिले होते.

परत येताना रस्त्यात रसवंती लागली. मामांना उसाचा रस आवडतो, आणि मला कसंतरी तोंड उघडायला जागा हवी होती. चरकाला बांधलेली घुंगरं वाजत होती. मी म्हटलं, "मामा, चुकलं माझं. पण एक सांगा. आवाजात फरक कळला तुम्हाला?"

"न्हाय बा. मला तिन्ही सारख्याच वाटल्या. तिन्हीचा बी तरास झाला."

"मग?"

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "तू ल्हानपनी पाटीवर गणितं करायची ना, तवा गणित आवडलं की तुझी जीभ भायेर यायची. डाव्या बाजूनं. लाल वाजीवताना तोंड घट्ट मिटल्यालं, परीक्षेला बसल्यावानी. मातकट वाजीवली आन जीभ भायेर."

मी रसवंतीवाल्याच्या आरशात बघितलं. जीभ आत होती, पण आता तिच्यावर भरवसा राहिला नव्हता. ढोलकीवाला दर शनिवारी कशाला हसायचा तेही कळलं.

"म्हणजे तुम्ही वस्तू बघतच नाही?"

"बघतो की. धूळ, वास, सांधा. पर ते समदं दुकानदारासाठी. त्याला वाटलं पायजे की म्हातारा खमक्या हे. वस्तूतलं मला काय कळतंय? ट्रॅक्टरमधलं मला आजपन काय कळत नाय. मी घेनाऱ्याचं तोंड बघतो. वापरायची त्याला हे, मला थोडीच."

माझ्या डोक्यात बैल, शालू, देव्हारे सगळे रांगेने उभे राहिले. रांगेच्या शेवटी कळशी घेतलेला माझा नवरा. "मामा, आमच्या ह्यांच्या वेळी? मी चहा देत होते तेव्हा?"

मामांनी विचार केला. "व्हती. थोडीशी. टोक."

हे नवऱ्याला सांगायचं नाही असं मी तिथेच ठरवलं. तो सुवर्णपदकापेक्षा जास्त मिरवेल.

मग मला घरघंटी आठवली. "आणि मावशीची घरघंटी?"

मामा चरकाकडे बघत म्हणाले, "ती खराब हे मला दुकानातच कळलं व्हतं. आत कायतरी घासत व्हतं. बहिरा थोडाच हे मी."

"मग 'घ्या' का म्हणालात?"

"चाळीस वर्सं तिनं डोक्यावर दळन वाह्यलं, उन्हापावसात. त्या घंटीचं झाकन उघडलं आन तिनं पदर दातात धरला. ल्हानपनी जत्रंत बाहुली बघितली की असाच धरायची. आता तिला काय सांगू, राहू द्या म्हनून? वाटलं, चालंल चार-सा वर्सं. चार म्हैनेच चालली."

"पण मग सगळे तुम्हाला हसले तेव्हा सांगायचं ना."

"काय सांगायचं? तुला आवडली म्हनून मोडकी घेऊ दिली? तिला काय वाटलं असतं?"

मला माझी लाज वाटली. ह्या माणसाला मी नाटकात बसवणार होते, त्यांच्यावर दया करून. आणि तो माणूस दोन वर्षं आपला मान घालवून बहिणीचा पदर सांभाळत होता. मी रसाचा दुसरा ग्लास मागवला आणि उगाच लिंबू जास्त पिळून घेतलं, डोळ्यांत पाणी यायला काहीतरी कारण पाहिजे म्हणून.

घरी आलो. आई दारातच होती. मला वाटलं, आता विचारेल, किती वजन, कसलं लाकूड, मातकट का आणली. तिने काहीच विचारलं नाही. म्हणाली, "वाजव."

मी सोफ्याच्या कडेवर बसले आणि कशाला न जोडता, हळू बोलणारी ती गिटार वाजवायला लागले. जीभ आत ठेवायचं मी पक्कं ठरवलं होतं. पहिलं अर्धं मिनिट ठेवलीही. मग विसरले. थांबले तेव्हा बघितलं तर आई गिटारकडे बघतच नव्हती. थेट माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मामा स्टुलावरून जसे बघत होते अगदी तशीच. मग लक्षात आलं की हिला सगळं माहीत होतं, घरघंटीचंसुद्धा, आणि कदाचित मावशीलाही माहीत असेल.

"दादा, बरोबर निवडली तू," आई म्हणाली. आणि मग, "तिकडं धाकटीला सोफा घ्यायचाय. परवा फोन आला होता. म्हणत होती, दादाचा गुडघा बरा झाला की सांग."

मामा उठून माझ्याजवळ आले, गिटारच्या पोटावर, बरोबर मधल्या भरीव ठोकळ्यावर, तळवा ठेवला आणि म्हणाले, "घ्या."

गिटार घेऊन तास उलटून गेला होता. पण त्यांनी हात लगेच काढला नाही, आणि मीही तो तिथेच राहू दिला.